पाच वर्षं पाण्यात

मंगळवारी पाचला पाच कमी असताना बटणआजी डोळे मिटून बसायची. पुढ्यात इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, पाठीमागे कपाटाच्या दाराला चिकटवलेला मोठा पांढरा कागद, खिडकीवर रस्त्याचा गोंगाट अडवायला टांगलेली जुनी रजई, आणि ओठांतल्या ओठांत चाललेलं पुटपुटणं : "देवा, जीभ तुझी आहे. मला वापरायला दिलीस, जपून वापरू दे."

"इंटरनेटही त्याचंच असेल, तर तेही जरा जपायला सांगा," सून कॅमेऱ्याची मान सरळ करत म्हणायची.

ही सगळी उठाठेव सुनेचीच. ती एका ऑनलाइन शाळेसाठी व्हिडिओ कापायचं-जोडायचं काम घरून करायची. शाळेला मुलांना वीज, अणुऊर्जा आणि पर्यावरण समजावून सांगणारं कुणीतरी हवं होतं. आणि घरात एकतीस वर्षं अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये पाळ्या केलेली सासू निवृत्त होऊन बसली होती आणि दिसेल त्याला प्रेशर कुकरमागचं विज्ञान ऐकवत होती. "म्हटलं, शेजारपाजार तरी सुटेल," सून सगळ्यांना हसत सांगायची.

पहिल्याच वर्गात एकाने विचारलं होतं, "आजी, तिथलं लाल बटण दाबलं की स्फोट होतो ना?"

"लाल बटण दाबलं की सगळं बंद होतं, राजा. मी तीनदा दाबलंय. आणि बघ, तुझ्याशी बोलतेय."

तेव्हापासून ती बटणआजी. मुलांनी स्वतःचं खरं नाव सांगायचं नाही, असा शाळेचा नियम होता, त्यामुळे पडद्यावर खारूताई, रॉकेट, झोपाळू, डायनासोर अशी चारशे पात्रं जमायची. आणि शिकवण्याची तऱ्हा तर काय विचारता! बटणआजी लहानपणापासून गाऊन सांगितलेली प्रवचनं ऐकत वाढलेली. दोन वाक्यं बोलायची, तिसरं चालीत म्हणायची, चौथ्याला टाळी. अणू फुटतो, पाणी तापतं, वाफ धावते, चाक फिरतं, सगळं तालात. "म्हणजे एवढा खटाटोप करून शेवटी पाणीच उकळायचं?" असं रॉकेटने वैतागून विचारलं, तेव्हा ती इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

तिची दुसरी सवय कंट्रोल रूमची. तिथे एकाने सांगितलेलं दुसऱ्याने जसंच्या तसं परत म्हणायचं, पहिल्याने 'बरोबर' म्हणायचं, आणि मगच हात हलवायचा. घरातही तेच. "येताना अर्धा किलो साखर." "अर्धा किलो साखर." "बरोबर." लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिले सहा महिने वाटत होतं की सासूला कमी ऐकू येतं. वर्गातही मुलांना हा खेळ फार आवडायचा. आजीने म्हणायचं, चारशे तोंडांनी परत म्हणायचं, आजीने टेबलावर थाप मारून "बरोबर!" म्हणायचं.

आणि इथेच घात झाला.

त्या मंगळवारी विषय होता वापरलेलं इंधन. अणुभट्टीतून जळून निघालेल्या नळ्यांचं पुढे काय करतात. वेळ संपायला दोन मिनिटं उरली होती आणि खारूताईने हात वर केला. सात-आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. "आजी, मग तो गरम कचरा गार कधी होतो?"

घड्याळ पळत होतं. शेवट गोड व्हावा, चालीवर यावा, एवढंच आजीच्या मनात. तिने टाळी घेतली आणि म्हटलं :

"पाच वर्षं पाण्यात, काळजी नाही मनात!"

चारशे मुलांनी परत म्हटलं. आजीने टेबलावर थाप मारली. "बरोबर!"

शाळेच्या सरांना ते एवढं आवडलं की त्यांनी त्याच दिवशी सुनेकडून त्याचा वीस सेकंदांचा तुकडा कापून घेतला. खाली ढोलकीचा ठेका सुनेनेच लावला. तीन आठवड्यांत तो सहा लाख वेळा पाहिला गेला. आजीला यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. आपलं बोललेलं पुन्हा ऐकायची तिला सवय नव्हती. लोक हसून हात करायचे, ती हसून हात करायची.

मग एका शुक्रवारी सुनेने मुलांनी पाठवलेली चित्रं छापून टेबलावर ठेवली. खारूताईचं चित्र सगळ्यांत वर होतं. हिरवीगार बाग. बागेत झोपाळा. झोपाळ्याचे खांब म्हणजे त्याच नळ्या, वर्गात दाखवल्या होत्या तशाच, बारीक आणि लांब. दोन मुली त्यांना धरून झोके घेताहेत. शेजारी पाटी : 'पाच वर्षं झाली आहेत. या, बसा.'

बटणआजीने चित्र खाली ठेवलं, पुन्हा उचललं. 

"अगं, हे मी काय शिकवलं?"

"काय झालं?" सून कानावरचा हेडफोन काढत म्हणाली.

"पाच वर्षांत पाण्यातून काढण्याइतक्या गार होतात गं त्या नळ्या! पाण्यातून काढून जाड पोलादाच्या पिंपात ठेवण्याइतक्या. हात लावण्याइतक्या नाहीत! त्यांतून निघणारे किरण हजारो वर्षं संपत नाहीत. आणि मी म्हटलं, काळजी नाही. का म्हटलं? तर 'पाण्यात'ला 'मनात' जुळलं म्हणून!"

"आई, एक ओळ तर आहे."

"एक ओळ चारशे मुलांकडून परत म्हणवून घेतली. वर 'बरोबर' म्हणाले. अगं, पाळीवर असं केलं असतं, तर मला दारातून आत घेतलं नसतं."

सरांना फोन लावला. सर गोड माणूस. आवाज असा की साखर विरघळतेय.

"आजी, तुम्ही खोटं कुठे बोललात? पाच वर्षं पाण्यात ठेवतात की नाही?"

"ठेवतात. पुढचं अर्धं खोटं आहे."

"अहो, मुलांसाठी सोपं केलंय तुम्ही."

"सोपं करताना खरं सांडलं माझ्याकडून. मंगळवारी वर्गात सांगते की चुकलं, आणि नीट काय ते शिकवते. तुम्ही तो तुकडा उतरवा आणि तिथे लिहा की चुकीचा होता म्हणून उतरवला."

मग त्यांनी समजावलं. ज्या वीज कंपनीच्या पाठबळावर ही मालिका चालते, तिला तीच ओळ भावली आहे. शाळाशाळांत लावायला तिची पोस्टरं छापून तयार आहेत. आता चूक म्हटलं की पालक घाबरणार, मुलं रडणार, मालिका बंद. "त्यापेक्षा महिनाभर जाऊ द्या. मग मी तुकडा गुपचूप काढतो. कुणाला कळणारही नाही."

"मुलांच्या तोंडात बसलंय ते गुपचूप कसं काढाल?"

"आजी, तुम्ही तर अणुऊर्जेच्या बाजूच्या!"

"आहेच. भाकरी खाल्ली आहे तिची. चिमणीतून काळा धूर न सोडता शहरं उजळवते ती, हे मी उद्याही छाती ठोकून सांगेन. तिच्यासाठी तिन्ही पाळ्यांत जागले आहे, सर. तिच्यासाठी खोटं मात्र बोलणार नाही."

"बघा बुवा." साखर जराशी घट्ट झाली. "आणि हो, सूनबाईंना कायम करायचा कागद माझ्या टेबलावर आहे. पुढच्या आठवड्यात सही करीन म्हणतोय. त्यांना सांगा."

फोन स्पीकरवर होता. सुनेला वेगळं सांगायची गरज नव्हती.

दोघी स्वयंपाकघरात आल्या. सून भांडी विसळत होती. स्वच्छ झालेलीच पुन्हा विसळत होती.

"तीन वर्षं," ती शेवटी म्हणाली. "तीन वर्षं मी त्या कागदाची वाट बघतेय. तुमचा मुलगा सहा-सहा महिने जहाजावर. मी इथे एकटी, कानाला हेडफोन लावून, दिवसभर लोकांचे खोकले कापत. आणि आता तुमच्या तत्त्वांपायी—"

"तत्त्वं नाहीत गं. चूक आहे. साधी चूक."

"मग साधी चूक साधेपणाने विसरा की! सगळं जग विसरतं."

बटणआजी स्टुलावर बसली. "नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी नोंदवहीत पंपाचा आकडा चुकीचा लिहिला. चारचा दोन केला. लक्षात आल्यावर पान फाडायला निघाले, तर आमच्या पाळीच्या प्रमुखबाईंनी हात धरला. आमच्यात खोडरबर नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकलेल्यावर एकच सरळ रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, वेळ घालायची, सही करायची. आणि त्या दिवशी मला ते सगळ्या पाळीसमोर मोठ्याने वाचायला लावलं. मला रडू यायला लागलं. बाई म्हणाल्या, 'लाज वाटते ना? वाटू दे. लाजेने केंद्र बंद पडत नाही.'"

"ती कंट्रोल रूम होती, आई. हे युट्यूब आहे."

"तिथे आम्ही बाराजण होतो. इथे सहा लाख आहेत."

सुनेने नळ बंद केला. आजी पुढे म्हणाली, "तू नको म्हणालीस तर मंगळवारचा वर्ग मी घेणारच नाही. तब्येतीचं कारण सांगेन, तुझा कागद सही होऊ दे. पण वर्ग घेतला तर हेच बोलेन. दुसरं काही बोलायला मला येणार नाही."

"वा! म्हणजे नाही म्हणायचं पाप माझ्या माथी."

"पाप नाही गं. तुझं पोट आहे. ते मला दिसतं."

सून हात पुसत टेबलाशी आली. खारूताईचं चित्र अजून तिथेच होतं. तिने ते उचललं आणि बराच वेळ झोपाळ्याच्या खांबांकडे बघत राहिली. "ढोलकी मी लावली होती," ती पुटपुटली. "चांगली वाटत होती." मग चित्र पालथं ठेवून म्हणाली, "घ्या वर्ग. पण आज रात्री माझ्याशी बोलू नका. मी रागावले आहे."

"तू रागावली आहेस."

"बरोबर," सून म्हणाली, आणि आपणच तो खेळ खेळलो हे कळून आणखी चिडली.

मंगळवार आला. पडद्याच्या कोपऱ्यात आज सरांचाही चौकोन होता, कॅमेरा बंद करून बसलेला. आजीने डोळे मिटले, उघडले.

"मुलांनो, आज गाणं नाही."

"आँऽऽऽ!" चारशे तोंडांतून निराशा.

"आज आजीची चूक आहे. चूक गाऊन सांगत नाहीत." तिने मागच्या कागदावर ठळक अक्षरांत ती ओळ लिहिली आणि 'काळजी नाही मनात'वरून एक सरळ रेघ ओढली. "हे मी तुम्हाला शिकवलं. तुमच्याकडून म्हणवून घेतलं. हे चुकीचं आहे. झोपाळू, जागा आहेस ना?"

"जागा आहे!"

"खारूताई, तुझं चित्र मिळालं."

खारूताईचा चेहरा फुलला, मग उतरला. "ते चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही, बाळा. तू ऐकलंस ते इमानदारीत काढलंस. चुकीचं बोलले मी. पाच वर्षांत त्या नळ्या पाण्यातून बाहेर काढण्याइतक्या निवतात, एवढंच. त्यांना हात लावायचा नाही. जवळ जायचं नाही. त्यांना जाड पोलाद आणि काँक्रीटच्या पिंपात कोंडून त्यांची राखण करावी लागते. शंभर वर्षं नाही, हजार वर्षं नाही, त्याहून कितीतरी—"

आणि आजीचा आवाज गेला.

ओठ हलत होते, आवाज नव्हता. सरांनी तिचा माइक बंद करून त्याला कुलूप घातलं होतं. तिने माइकचं बटण दाबलं. उघडेना. पुन्हा दाबलं.

"आजी, ऐकू येत नाही!" रॉकेट ओरडला. "आजी, तुमचा आवाज गेला!"

एकतीस वर्षं जिने शंभर दिवे, पन्नास भोंगे आणि तीन खऱ्या गडबडी पाहिल्या, तिला एक गप्प माइक काय घाबरवणार? तिने जाड पेन उचललं आणि कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून कपाटाच्या दारावरच्या कागदावर लिहायला लागली.

अक्षरं लांबून बारीक दिसत होती. मुलं डोळे बारीक करत होती. सून खोलीच्या दारात उभी होती, तिचा फोन हातात थरथरत होता आणि त्यावर सरांचं नाव उजळत होतं. तिने फोन पालथा करून कपड्यांच्या ढिगावर टाकला. पुढे आली. कॅमेरा उचलला आणि कागदाच्या अगदी जवळ नेऊन धरला.

"नळ्यांना... हात... लावायचा... नाही," खारूताईने वाचलं.

"नळ्यांना हात लावायचा नाही!" मागून रॉकेट, डायनासोर आणि कोण कोण. सरांनी मुलांचे माइक बंद केले. मुलांनी उघडले. सरांनी पुन्हा बंद केले. मुलांना वाटलं हा नवा खेळ आहे, आणि ती दुप्पट जोराने सुरू झाली. चारशे मुलांना गप्प करणारं बटण अजून कुठल्याच कारखान्यात बनलेलं नाही.

आजी लिहीत गेली, मुलं वाचत गेली. 'हा कचरा थोडा असतो. तो कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं. धुराचं तसं नसतं, तो कुठे गेला हे कुणालाच सांगता येत नाही. पण थोडा असला तरी तो फार काळ टिकतो. म्हणून काळजी करायची. काळजी घेतली म्हणून तर आजवर निभावलं.' खाली तारीख, वेळ, आणि सही : बटणआजी.

मग सगळेच चौकोन एकदम काळे झाले.

सुनेचा फोन कपड्यांच्या ढिगात घणघणत होता. तिने उचलला.

"वर्गाचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे," सर म्हणाले. आवाजात आता नावालाही गोडवा नव्हता. "ती अकरा मिनिटं कापा. उरलेलं पाठवा."

"सर, अकरा मिनिटं कापली तर उरतं 'आज गाणं नाही' एवढंच."

"चेष्टा नको. तुमचा कागद माझ्यासमोर आहे."

सुनेने सासूकडे पाहिलं. आजी नजर चुकवून पेनाचं टोपण लावत बसली होती, सुनेच्या तोंडचं उत्तर आपल्या डोळ्यांनी ढकलायचं नाही म्हणून.

"कापणार नाही, सर," सून म्हणाली. "काढायचा तर आख्खा काढा, आणि का काढला ते खाली लिहा. तीन वर्षं मी तुमचे खोकले कापले, शिंका कापल्या. हे नाही कापणार."

दुसऱ्या दिवशी तिचं लॉगिन चालेना. मालिका बंद झाल्याची दोन ओळींची सूचना आली. कारण लिहिलं नव्हतं. सून दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी ओळखीपाळखीतल्या बारशा-वाढदिवसांचे व्हिडिओ जोडायला घेतले. आजीने तिच्यासमोर चहा ठेवला.

पण मुलांची चित्रं पाठवायला दिलेला सुनेचा पत्ता पालकांकडे होता. चारशेंपैकी तेवीस घरांतून निरोप आले : आजी कुठे आहेत? मुलं विचारताहेत. आणि तो वीस सेकंदांचा तुकडाही आठवड्याभरात उतरला, एक शब्द न लिहिता. लोकांना वाटलं, झालं, आजी जिंकली. बटणआजीला तसं वाटत नव्हतं. ती रोज सकाळी अंघोळ, प्रार्थना झाली की शाळेला ईमेल पाठवायची. रोज तेच, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही : 'ती ओळ चुकीची होती. का उतरवली ते मुलांना सांगा.' उत्तर यायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवायची.

"किती दिवस पाठवणार?" सुनेने विचारलं.

"मी एकतीस वर्षं दर तासाला तोच आकडा लिहिलाय," आजी म्हणाली. "मला कंटाळा येत नाही."

तिसऱ्या मंगळवारी, साध्या व्हिडिओ कॉलवर, तेवीस चौकोन जमले. त्यांतल्या दोघा मुलांचे आईवडीलही मागे स्वयंपाक करता करता ऐकत होते. खारूताईला एक नवा दात फुटला होता.

"आजी, मला एक प्रश्न पडलाय. तुम्ही म्हणालात हजारो वर्षं राखण करायची. मग तेव्हाची माणसं आपली भाषा बोलतील का?"

"बहुतेक नाही, बाळा."

"मग त्या पिंपांवर 'हात लावू नका' असं लिहिलं, तर त्यांना वाचताच येणार नाही!"

सर म्हणाले होते, मुलं रडतील.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरं सांगते, मोठमोठ्या शहाण्यांनी यावर डोकं खाजवलंय, अजून खाजवताहेत."

"कवटीचं चित्र काढा!" रॉकेट म्हणाला.

"कवटी बघून त्यांना खजिना वाटला तर?" झोपाळू.

"मग रडणारा माणूस काढू."

"रडणारा बघून ते त्याला मदत करायला येतील ना, शहाण्या!"

"येतील," बटणआजी म्हणाली, खुर्ची पुढे ओढत. "चांगली माणसं असली तर नक्की येतील. मग काय करायचं? सगळ्यांनी कागद घ्या."